तासाच्या शेवटच्या झाडापर्यंत

कापूस वेचताना बोंडाचं वाळकं टोक बोटात रुतलं. रक्त आलं, ते ओटीतल्या पांढऱ्या कापसाला लागलं, आणि हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी तासाच्या पार टोकाला पोहोचले होते. (आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात.) चाळीसेक झाडं मागं पडली होती आणि त्यांतलं एकही मला आठवत नव्हतं. आठवत होतं ते भांडण, माझं आणि माझ्या चुलत दिराचं. तासाच्या सुरुवातीला मी त्याला एक बोलले, त्यावर तो काय म्हणाला असता ते मीच ठरवलं, मग त्याला त्याहून झणझणीत उत्तर दिलं, आणि शेवटच्या झाडापाशी तो निरुत्तर झाला. खरा दीर त्या वेळी खताच्या पोत्यासाठी राळेगावला गेला होता.

भांडण धुऱ्याचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचं. आमचं चार एकर, त्याचं पाच, मधे एक धुरा. त्या धुऱ्यावरून पूर्वी बैलबंडी जायची असं सासरे सांगायचे. आता एकटा माणूसही जपून चालतो. दर उन्हाळ्यात नांगरताना त्याचा ट्रॅक्टर अर्धं तास आत येतो. तीन वर्षांपूर्वी धुऱ्याला लागून पेरलेली आमची तूर डवऱ्याखाली (कोळप्याखाली) गेली, चांगली हातभर वाढलेली. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो मला जे बोलला तेही नाही. तेव्हापासून एकाच गल्लीत घर, एकाच नळाचं पाणी, एकाच विहारात वंदना, पण बोलचाल बंद.

आमचं घर बौद्ध. आजेसासरे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते, हे आमच्या घरातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. विहारात संध्याकाळी वंदना, पौर्णिमेला खीर, आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन. ध्यान मात्र आमच्या विहारात कोणी करत नसे. विरोध असा नव्हता. ‘डोळे मिटून बसनं पोट भरलेल्याइचं काम’ असं थोरले म्हणायचे, आणि त्यांचं अगदीच खोटं होतं असं मला वाटत नाही. ज्यांच्या कैक पिढ्यांना डोळे उघडू दिले नाहीत, त्यांना एकदम ‘आता मिटा’ म्हणणं अवघड जातं.

बहिणीचा पोरगा इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर करून आला होता. तिथलं केंद्र १९७६ पासूनचं. पहाटे चारला उठायचं, नऊ दिवस कोणाशी बोलायचं नाही, साडेतीन दिवस नुसता श्वास पाहायचा, मग अंगावरच्या संवेदना, आणि दहाव्या दिवशी मौन सुटून मंगल मैत्री. फी नाही. "मावशी, तू जाऊन पाह्य एकदा." मी म्हटलं, "दहा दिवस गाय कोन दोहीन? तू?" तसं केंद्र नागपुरातही आहे. अडचण अंतराची नव्हतीच.

त्या वर्षी वर्षावासात नागपूरहून एक धम्मचारिणी, म्हणजे धम्म शिकवणाऱ्या साधिका ताई चार रविवार आमच्या विहारात आल्या. त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या, आनापानसती आणि मैत्री भावना.

आनापानसतीचे चार टप्पे. श्वास बाहेर गेला की मनात एक म्हणायचं, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत, आणि परत एकपासून. दुसऱ्या टप्प्यात श्वास आत येण्याच्या आधी आकडा. तिसऱ्यात मोजणं सोडून द्यायचं, श्वास येतो-जातो तेवढंच. चौथ्यात नाकाशी जिथं वारा पहिल्यांदा लागतो ती एवढीशी जागा. ऐकताना वाटलं, बालवाडीचं काम आहे. बसले. एक, दोन, तीन, गायीची ढेप संपली. एक, दोन, धुरा. एक, धुरा. मग एकदा जरा स्थिर झाल्यासारखं वाटलं आणि ध्यानात आलं की मी चौतीसवर आहे. दहाला परत फिरायचं राहूनच गेलं. शेजारी एक आजी घोरत होत्या. शेवटी मी ताईंना म्हटलं, मला काही जमत नाही. त्या म्हणाल्या, "चौतीस झाले हे तुम्हाला कळलं ना? त्याच्यासाठीच आकडे आहेत." मला हे पटलं नाही. मास्तर नापास पोराला धीर देतो तसं वाटलं.

घरी पहाटे पाचला उठून आठ दिवस बसले. नवव्या दिवशी सोयाबीनच्या काढणीला माणसं आली आणि बसणं सुटलं. बहुतेकांचं असंच सुटतं. माझंही कायमचं सुटलं असतं, पण तिसऱ्या रविवारी एका ओळीनं अडवलं.

करणीयमेत्तसुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, आमच्याकडे कोणाला येत नाही? लग्नात, गृहप्रवेशात, पुण्यानुमोदनाला म्हणतो. मी लहानपणापासून घडाघडा म्हणते. ताईंनी मधेच थांबवून एका ओळीचा अर्थ विचारला: ‘तिट्ठं चरं निसिन्नो वा’. कोणालाच सांगता येईना. उभं असताना, चालताना, बसलेलं किंवा आडवं झालेलं असताना, जाग आहे तोवर ही सती, म्हणजे हे भान, धरून राहावं, ‘एतं सतिं अधिट्ठेय्य’. इतकी वर्षं म्हणत होते, आणि बसणं हे त्या चारांतलं एकच आहे हे त्या दिवशी कळलं. पुढं ताईंनी सतिपट्ठान सुत्तातलं सांगितलं. जाताना-येताना, हात आखडताना-पसरताना, खाताना, चावताना भान ठेवावं, इतकंच काय, लघवी-शौचाच्या वेळीही. बायका फसकन हसल्या. मागून एकजण बोललीच, "मंग त लय सोपं हाय बाई. तेवढ्याच वेळात मले घरातलं कोनी आवाज देत नाई!"

मी संडासापासून नाही, गायीपासून सुरुवात केली. ठरवलं, दूध काढताना दुसरं काही नाही. पहिल्या धारा बादलीच्या तळाला टण्ण टण्ण वाजतात, मग दूध चढत जातं तसा आवाज मऊ होतो, आणि शेवटी फेसात धार पडली तरी नुसती फुसफुस. वीस वर्षं दोहते आहे, पण तो आवाज नेमका कधी बदलतो ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे; साधारण चार बोटं दूध झालं की. या माहितीचा उपयोग काहीच नाही. पण तेवढी वीस मिनिटं दीर गोठ्यात येत नसे.

मग वेचणी. डाव्या हातानं फांदी धरायची, उजव्या हाताची पाचही बोटं बोंडाच्या पाकळ्यांत घालून सगळा कापूस एका ओढीत काढायचा. वाळकी पत्ती चिकटू द्यायची नाही, किडून घट्ट झालेलं बोंड म्हणजे कवडी, ती वेगळी ठेवायची. बोट, बोंड, ओढ, ओटी. मन निसटलं की परत बोटांवर. मला धास्ती होती की अशानं हात मंदावेल. मजुरी किलोवर असते, आणि घरचा कापूस असला तरी सोबतच्या बायांच्या मागं पडलं की त्या ऐकवतात. तसं काही झालं नाही. माझं दिवसाचं वजन चाळीस किलोच्या अल्याड-पल्याडच राहिलं. कापूस मात्र स्वच्छ निघू लागला. व्यापाऱ्यानं ओंजळभर उचलून पाहिला नि कचऱ्याची काट धरली नाही, तेव्हा आमच्या घरच्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय शिकून राह्यली वं तू त्या विहारात?"

मैत्री भावनेचं प्रकरण याहून अवघड निघालं. तिचे पाच टप्पे. आधी स्वतः, मग मित्र, मग ज्याच्याबद्दल ना माया ना राग असा माणूस, मग ज्याच्याशी आपलं पटत नाही तो, आणि शेवटी सगळे प्राणिमात्र. प्रत्येकाला मनात आणून म्हणायचं, सुखी असो, निरोगी असो, निर्भय असो.

पहिल्याच पायरीवर अडले. स्वतःला कोण आशीर्वाद देतं? घरच्यांना वाढून झाल्यावर उरलं तर आपण घ्यायचं, हे आईनं शिकवलेलं. ‘मी सुखी असो’ म्हणताना ताटात आधी स्वतःलाच वाढून घेतल्यासारखं वाटे. ते सुटलं फवारणीच्या दिवशी. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ती आठवण इथं अजून ताजी आहे. त्यानंतर आमच्या यांच्यासाठी तोंडाची पट्टी, हातमोजे, चष्मा सगळं आणलं. पंपात पाणी भरून देणारी, औषध काठीनं ढवळणारी मी. मी मात्र पदर नाकाला लावून उभी. सहा वर्षं. त्या दिवशी ढवळताना ‘मी निरोगी असो’ मनात आलं आणि मी पंप तसाच ठेवून घरातून हातमोजे घेऊन आले.

मित्राच्या जागी मी आईला घेतलं होतं. छान चाललं होतं, डोळे भरून यायचे. ताईंना कळलं की आई आठ वर्षांपूर्वी गेली, तशा त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसावर ही भावना करायची नसते. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनीच तसं लिहून ठेवलंय. मला राग आला. दोन दिवस ताईंचाच राग. मग स्वतःच पाहिलं. आईला मनात आणलं की मी तिला काही देत नव्हते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्याकडे दिराची तक्रार करत होते. आईच्या जागी बचत गटातली मैत्रीण घेतली. ती जिवंत आहे, जवळच राहते आणि कधीकधी डोकं खाते, त्यामुळं काम नीट चाललं.

तिसरा टप्पा, तटस्थ माणूस. शहरात हा सोपा असेल. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही असा माणूस आणायचा कुठून? कोणी सोयरा, कोणी सरपंचाच्या पार्टीचा, कोणाच्या बकऱ्यांनी आपली तूर खाल्लेली. शेवटी सापडला. आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर टोस्ट-खारी विकायला येणारा माणूस. भोंगा वाजवत येतो, पोरं धावतात, मी दहा-वीस रुपयांचं घेते. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. महिनाभर रोज रात्री त्याला ‘सुखी असो’ म्हटलं, आणि मग एक दिवस तो समोर आला तेव्हा दिसलं की त्याच्या गाडीचा आरसा तारेनं बांधलेला आहे आणि थंडी लागू नये म्हणून त्यानं शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घातलेलं आहे. हे काल घातलेलं नव्हतं. कैक हिवाळे तो तसाच येत असणार. मी विचारलं, "भाऊ, कोन्या गावचे तुम्ही?" तो दचकला. म्हणाला, "काऊन बाई, टोस्ट खराब निंगले काय?"

चौथ्या टप्प्याबद्दल ताईंनी बजावून सांगितलं होतं की सगळ्यात मोठ्या माणसाला आधी घेऊ नका, छोटं काहीतरी घ्या. मी आपला थेट दीर घेतला. छाती धडधडली, कानशिलं तापली आणि दहा मिनिटांत मी त्याला अख्ख्या खानदानासकट उभा-आडवा घेतला. मग गुमान खाली उतरले. गटाचा हप्ता दर महिन्याला उशिरा देणारी एक बाई घेतली. तिच्याशी दोन आठवड्यांत पटलं. तसंही भांडण शंभर रुपयांचंच होतं.

पाचव्या टप्प्यात सगळे प्राणी येतात, आणि शेतकऱ्याचं घोडं इथं अडतं. आपण पंचशीलात प्राण्याची हिंसा न करण्याचं शील घेतो. बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दयेची प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांनी मैत्री करुणेच्या पुढं ठेवली. करुणा माणसापुरती, मैत्री जीवमात्राची. वाचायला फार चांगलं वाटतं. आणि पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, गुलाबी बोंडअळी असते. मिटल्यासारखं गुलाबाच्या कळीगत फूल दिसलं की ती डोमकळी; बोटानं उघडली की आत अळी. ती मी चिरडते. चिरडताना ‘सुखी असो’ म्हणून पाहिलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. हे ढोंग नको. मी एवढं करते, वासानं पतंग ओढून घेणारे कामगंध सापळे लावते, पतंग रोज मोजते, आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आल्याशिवाय फवारणी करू देत नाही. पूर्वी शेजाऱ्यानं पंप काढला की आपणही काढायचो. त्यातून वर्षाला एखादी फवारणी टळते. ज्या अळ्या मरतात त्या मरतातच. यावर ताईंनाही विचारलं. त्यांनी सापळ्यांची चौकशी केली, उत्तर दिलं नाही. बरं केलं.

सापांचं मात्र सुत्तात थेट सापडलं. एक भिक्खू सर्पदंशानं मेला तेव्हा बुद्धांनी नागांच्या चार कुळांवर मैत्री करायला सांगितली, ‘विरूपक्खेहि मे मेत्तं’. पुढं बिनपायांचे, दोन पायांचे, चार पायांचे, अनेक पायांचे सगळे येतात आणि लगेच विनवणी, बिनपायाच्यानं मला इजा करू नये. हे मला फार आवडतं. मैत्रीही आहे आणि भीतीही लपवलेली नाही. मैत्रीचे अकरा लाभ सांगितलेत. सुखानं झोप लागते, सुखानं जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत. हे तीन मी आजमावलेत, झोपेचं तरी खरं आहे. पुढं विष, आग, शस्त्र बाधत नाही असंही आहे. ते मी धुऱ्यावर आजमावणार नाही. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि काठी घेऊनच जाते.

आता फजितीचं सांगते. दिवाळीपर्यंत मला वाटायला लागलं होतं की आपल्याला जमलं. दिराला चौथ्या टप्प्यात घेऊनही छाती धडधडत नव्हती. सून-पोरांशी हळू बोलत होते, गटातल्या बायांना श्वासाचे टप्पे समजावून सांगत होते. थोडक्यात, शिष्ट झाले होते. आणि एका पौर्णिमेला विहारात चटया अंथरताना तो माझ्याकडे न पाहता मोठ्यानं म्हणाला, "ध्यान करतेत म्हने लोकं. धुरा पाह्यला की मंग डोये उघडते."

पुढचं मला तुटक आठवतं. चटई टाकून दिली. आवाज कुठून आला माहीत नाही, पण विहाराबाहेरची पोरं गोळा झाली. तीन वर्षांपूर्वीचं बोलले त्याहून जास्त बोलले, बुद्धमूर्तीसमोर. जाऊ मला ओढून बाहेर घेऊन गेली. त्या रात्री झोप नाही. राग त्याचा होताच. त्याहून मोठी होती ती शरम.

ताईंना फोन केला. त्या ऐकून म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यासाठी मैत्री करताना मनात काय म्हणता?" मी म्हटलं, "सुखी असो, निरोगी असो, सुबुद्धी येवो." त्या गप्प राहिल्या. मीही गप्प झाले. सुबुद्धी येवो म्हणजे धुरा सोडो. माझ्या मैत्रीत एक अर्ज दडवलेला होता. रोज रात्री मी त्याला आशीर्वादाच्या पाकिटात घालून अर्ज पाठवत होते, आणि तो मंजूर होत नाही म्हणून आतल्या आत खदखदत होते. बुद्धघोषांनी मैत्रीचा लांबचा शत्रू द्वेष सांगितलाय आणि जवळचा शत्रू राग, म्हणजे आसक्ती, कारण ती मैत्रीसारखीच दिसते. माझी आसक्ती दिरावर नव्हती, त्या दीड हात मातीवर होती.

म्हणून अर्ज जिथं द्यायचा तिथं दिला. भूमी अभिलेखला मोजणीचा, फी भरून, सातबारा जोडून. हे आधीच करायला हवं होतं. पण घरातली गोष्ट कागदावर कशाला, या विचारात तीन वर्षं गेली. अर्ज देते म्हटल्यावर विहारातल्या एक-दोघांनी नाकं मुरडली की मैत्रीही म्हणायची आणि मोजणीही आणायची? यांनी त्यांना सुनावलं. एरवी हे ध्यानाच्या वाटेला जात नाहीत, पण इतिहास पक्का. म्हणाले, "चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आन् हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. दहा वर्सं कोर्टात लढले बाबासाहेब. त्याइची मैत्री कमी होती काय?"

अर्ज तिकडे गेल्यावर चौथा टप्पा हलका झाला. ‘सुबुद्धी’ काढून टाकली. सुखी असो, निरोगी असो, निर्भय असो, बस. तो मला आवडायला लागला का? नाही. ट्रॅक्टर आत आला तर बोलेन का? बोलेन. पण वेचताना तो येईनासा झाला; आला तरी तासभर थांबत नाही, दोन झाडांत जातो. एकदा मनात आणताना त्याचा खोकला ऐकू आला. दोन हिवाळ्यांपासून तो खोकतो, घर लागून आहे, भिंतीपल्याड ऐकू येतो. तो खोकला त्याचा आहे हे ठाऊक होतं, त्याच्या छातीत दुखत असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

परवा दुसरा वेचा चालू होता. त्याच्याकडेही वेचणी. पूर्वी धुऱ्यापासून आठ-दहा झाडं अलीकडेच मी तास सोडून वळायचे, टोकाचा कापूस ह्यांनी वेचायचा. तोंडाला तोंड नको. त्या दिवशी बोटांवर होते, वळायचं सुचलंच नाही. मान वर केली तर धुरा, आणि पलीकडे तो, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात पाण्याची कॅन. दोघंही थांबलो. माझी छाती धडधडायला लागली, ती मला कळत होती.

तो कॅन खाली ठेवत म्हणाला, "नोटीस भेटली मले. एकवीस तारीक हाये नं मोजनीची?"

"हाव भाऊजी. एकवीस. सकाळी दहा."

"बरं." तो खोकला, जरा लांबलाच खोकला. मग वळून आपल्या तासाला लागला.

माझ्या शेवटच्या झाडावर तीन बोंडं उरली होती. एक कवडी होतं, ते वेगळं ठेवलं.